मोरी कोणाच्या हद्दीत? आधी किलोमीटरचा दगड नीट वाचा

आपण लिहिले आहे की, रस्त्याखालची मोरी गाळाने बुजल्यामुळे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आपल्या भाताच्या शेतात पाणी तुंबते आणि तीन कार्यालयांनी ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ असे सांगून आपल्याला परत पाठवले. हे वाचून मला माझेच हेलपाटे आठवले. उतारा, नकाशा, पंचायतीचा ठराव यांविषयी आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देतो. मी अभियंता नाही आणि वकीलही नाही. माझा अनुभव एका रस्त्यापुरताच आहे.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे असतात. त्यांपैकी काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही राज्याच्या बांधकाम खात्यातील स्वतंत्र शाखेकडे देखभालीसाठी असतात. राज्य महामार्ग आणि जिल्हा मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे येतात, तर गावरस्ते जिल्हा पंचायतीकडे. दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय आणि हिरवा असेल तर राज्याचा, एवढे तरी डोळ्यांनी कळते. क्रमांकावर मात्र फार विसंबू नये. राष्ट्रीय महामार्गांना 2010 मध्ये नवे क्रमांक मिळाले, त्यात पुणे-बेंगळूर महामार्गाचा 4 जाऊन 48 झाला आणि बेळगाव-पणजी रस्त्याचा 4अ जाऊन 748, म्हणजे 48 ची शाखा, झाला. तरी आमच्याकडे बोलताना अजून ‘एनएच फोर’च चालतो. राज्य महामार्गांच्या आकड्यावरून असे काही उलगडत नाही आणि राज्याची हद्द आली की ते खातेही संपते. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर कर्नाटकातले बाची सोडून शिनोळीत शिरले की डांबर तेच दिसते, पण तक्रार ऐकणारा साहेब महाराष्ट्राचा असतो.

आता माझी चूक सांगतो, कारण तिनेच माझे अकरा महिने खाल्ले. मोरीजवळच्या दगडावर ‘बेळगाव 17’ असे ठळक लिहिलेले होते, म्हणून मी अर्जात ‘कि.मी. 17 मधील मोरी’ असे लिहून मोकळा झालो. चार महिन्यांनी एका कार्यालयाचे, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही, दोन ओळींचे कन्नड पत्र आले की सदर किलोमीटरमध्ये मोरी आढळत नाही. तेथे मी किती वेळा गेलो याचा हिशेब ठेवलेला नाही. साहेब नेहमी साईटवर असत, मात्र आमच्या साईटवर ते कधी दिसले नाहीत. शेवटी साईडपट्टीचे गवत काढणाऱ्या एका मजुराने विळ्याने दगडाभोवतीचे गवत बाजूला सारून रस्त्याकडे तोंड असलेली बाजू दाखवली. तिच्यावर 43 होते. समोरून येणाऱ्याला दिसणारा आकडा पुढच्या गावाच्या अंतराचा असतो, तर खात्याच्या नोंदीतील किलोमीटर रस्ता जेथून सुरू होतो तेथून मोजलेला असतो, आणि आमचा रस्ता कागदोपत्री दुसऱ्या टोकाकडून सुरू होत होता. मधल्या 2, 4, 6, 8 लिहिलेल्या लहान दगडांचा अर्थही मला तेव्हाच कळला: दर दोनशे मीटरला एक. मोरी 43/6 ला होती. हा आकडा घालून दिलेल्या अर्जावर तीन आठवड्यांत माणसे आली. पहिले पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक नसेल, असे मला अजूनही वाटत नाही.

म्हणून आपण रस्त्याचे दोन्ही टोकांसह पूर्ण नाव, दगडाच्या रस्त्याकडील बाजूवरचा किलोमीटर आणि आपला सर्व्हे नंबर हे तिन्ही लिहावे. तरीही टोलवाटोलवी झालीच, तर माहिती अधिकारात ‘या ठिकाणच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे’ एवढेच विचारावे. कलम 6(3) प्रमाणे चुकीच्या कार्यालयाने तो अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ म्हणून तो परत करता येत नाही. कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. भाषेबद्दल माझे मत अनेकांना रुचणार नाही: हा अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्यावा, कारण त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढेच म्हटले आहे. मराठीचा प्रश्न मी सोडलेला नाही, पण तो सुटेपर्यंत भात पाण्यात उभे ठेवणे मला परवडले नसते.

आणखी एक. ‘रस्ता राष्ट्रीय महामार्ग होणार’ अशी बातमी वाचून अर्जाचा पत्ता बदलू नका. राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत तो राज्याचाच राहतो. दगडाचा फोटो मात्र पावसाआधी काढून ठेवा, कारण जुलैत गवत इतके वाढते की दगडच सापडत नाही.