‘मदर करेज’ पहिल्यांदा रंगमंचावर कुणी साकारली? ब्रेख्तची अभिनेत्री पत्नी हेलेने वायगेल, तिनेच ना?

नाही, पहिली मदर करेज तेरेझे गीझे. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्तच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १९ एप्रिल १९४१ रोजी झुरिकच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात झाला आणि मुख्य भूमिका तिची होती. वायगेलची करेज बर्लिनला आली ती जानेवारी १९४९ मध्ये. गीझे मूळची म्युनिकची, ज्यू. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर तिला जर्मनी सोडावी लागली, म्हणून हा मान झुरिककडे गेला. ब्रेख्त तेव्हा फिनलंडमध्ये परागंदा होता. त्याने तो प्रयोग पाहिलाच नाही. पण परीक्षणांत करेजच्या मातृत्वाचं कौतुक वाचून तो अस्वस्थ झाला, कारण त्याला युद्धावर धंदा करणारी बाई दाखवायची होती, आणि बर्लिनच्या प्रयोगाआधी त्याने काही प्रवेश बदलले. हे त्याच्याच टिपणांत आहे. एक मात्र खरं, जगभर गाजली ती वायगेलचीच करेज, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. तरी गीझेचं काम कच्चं होतं असं कृपया समजू नका. १९५० मध्ये म्युनिकला ब्रेख्तने स्वतः दिग्दर्शन केलं तेव्हा करेज पुन्हा गीझेच होती. तिचं काम पडद्यावर पाहायचं असेल तर लुई मालचा ‘लाकोंब लुसियाँ’ (१९७४) हा चित्रपट बघा. त्यातली आजी ती आहे.