डेटाबेस आवडतो, पण घरचे म्हणतात जावा कर

मानेवाड्याहून बीसीए फायनलच्या एका मुलीचं पत्र आलंय. बाबांना वाटतं तिने जावाचा क्लास लावावा, हिला डेटाबेस आवडतो. घरच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकलाय, व्हीएमला ६ जीबी रॅम दिली तरी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रखडतेच, आणि विचारते की क्लाउड आल्यावर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी माणसं, लागतात तरी का?

बेटा, आधी तुझ्या लॅपटॉपचं बोलू. ८ पैकी ६ व्हीएमला दिले, उरलेल्या २ मध्ये विंडोज आणि क्रोम, मग विंडोज सारखं डिस्कवर स्वॅप करत, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर हलवत बसणार ना, आणि व्हीएमची डिस्क म्हणजे त्याच डिस्कवरची एक फाइल, ती पण रांगेत उभी. व्हीएमच्या आत व्हीएमस्टॅट ही लिनक्सची कमांड लावून बघ, डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, चढलेला दिसेल, स्वॅपचे कॉलम मात्र शून्य, म्हणजे दुखणं खाली होस्टमध्ये (व्हीएम ज्यावर चालतो त्या खऱ्या मशीनमध्ये) आणि कळ वर डेटाबेसमध्ये.

आता व्हीएमला ३ जीबी आणि २ सीपीयू दे. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेस डेटा जवळ ठेवायला वापरतो ती रॅम, मुळात १२८ एमबी असतात, ते व्हीएमच्या रॅमच्या पावपट, ७६८ एमबी कर. पीजीबेंच, म्हणजे पोस्टग्रेसचा वेग मोजायचं साधन, स्केल १०० ने चालव, १ कोटी ओळींचं टेबल तयार होतं. एका वेळी एकच बदल, आधीचा नि नंतरचा आकडा वहीत लिही, हे फार महत्त्वाचं आहे बरं का.

मी नोकरीत असताना आमचा डेटाबेस सर्व्हर महिनाअखेरीला बसायचा. तो व्हीएमवर होता, त्याचे ८ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) होते, ते १२ केले तर अजून हळू झाला, कारण होस्टवर गर्दी होती, सीपीयू रेडी टाइम वाढलेला, म्हणजे व्हीएम तयार पण खरा कोअर मिळायची वाट बघतोय. ४ वर आणला तेव्हा धावला. तीन रात्री आम्ही उगाच क्वेऱ्या तपासत होतो.

क्लाउडवर बॅकअप, पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या टाकणं) कंपनी बघते, पण क्वेरी का रखडली, मशीन केवढं घ्यायचं, आयओपीएस, म्हणजे डिस्कची सेकंदाला होणारी वाचन-लेखनं, किती, हे तुलाच सांगावं लागतं, आणि चुकलं तर दर महिन्याचं बिल फुगतं. म्हणून अशी माणसं लागतात.

बाबांना खरं सांग, फ्रेशरला डीबीए म्हणून सरळ घेणारे कमी, नागपूरच्या मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांत गेलीस तरी बहुतेक सपोर्टपासून सुरुवात, नाइट शिफ्ट पण येईल. जावा थोडं शिक, वाया जात नाही, पण क्लासचे सगळे पैसे तिकडे घालू नको, त्यातून रॅम १६ कर. लिनक्स आणि एसक्यूएल रोज. महिन्याभराने वहीची पानं पाठव, मी बघतो.