रत्नागिरीत राहून शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये करिअर होईल का? (बारावी सायन्स, तबला शिकतोय)

होईल, पण नुसत्या शास्त्रीयवर पोट भरणार नाही, हे आधीच धरून चाल. भजनं, दशावतार, लग्नाचे व्हिडिओ यांवर घर चालेल आणि थिबा राजवाड्यातल्या महोत्सवासारखी कामं हौस भागवतील.

शिक्षणासाठी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) साउंडचा चांगला कोर्स आहे, पण पदवीनंतर. तोवर तबला अजिबात सोडू नकोस. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गायक किती उसळणार हे ज्याला आधी कळतं, त्याचा हात गेनवर (माइकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) वेळेत जातो. २४ बिटवर (रेकॉर्डरमधलं सेटिंग) रेकॉर्ड कर आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, साधारण उणे १२ डीबीच्या आसपास ठेव. मंद्रातली (खालच्या सप्तकातली) कुजबुज आणि तारसप्तकातली तान एकाच बंदिशीत येतात, म्हणून रेकॉर्ड करताना कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबणारं यंत्र) नकोच. तानपुऱ्याचा माइक भोपळ्याकडे, घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) जवळ लाव. जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, तिथेच सापडते. बायाचा (डग्ग्याचा) माइक मात्र थोडा लांब, नाहीतर घुमारा सगळ्यांवर बसतो.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी: पाऊस. दमट हवेत कंडेन्सर माइक (स्टुडिओतला नाजूक माइक) चरचरायला लागतो, तेव्हा डबा घट्ट आणि आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) हवंच. पत्र्याखाली तर जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचं नावच काढू नये. कौलारू घरातलं माजघर, चार गोधड्या टांगून, बऱ्यापैकी चालतं. पंखा बंद. गायकबुवा कुरकुरतील, कुरकुरू देत.

पहिल्यांदा गुरुजींचा रियाज रेकॉर्ड कर, अर्थात त्यांना विचारून.