चाचपणे, चाचपडणे आणि पोटाचं ‘पाल्पिटेशन’

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे : शारीरिक तपासणीतल्या पाल्पेशन (हाताने दाबून बघणं) आणि पर्कशन या शब्दांना मराठीत काय म्हणायचं?

आधी हात जोडून एक विनंती. पोटाचं ‘पाल्पिटेशन’ करू नका. मध्यंतरी एका नातेवाइकाच्या खाटेशी तीन दिवस बसून होतो. तेवढ्यात दोघी-तिघी शिकाऊ मुलींनी ‘पोट पाल्पिटेट केलं, मऊ आहे’ असं मोठ्या सिस्टरना सांगितलं आणि कुणी हटकलं नाही. पाल्पेशन करते ती नर्स. पाल्पिटेशन होतं ते रुग्णाला. त्याच्या छातीत धडधडतं.

घोटाळा होतो कारण दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले. पाल्पारे म्हणजे हळुवार हात फिरवणे. त्यात ‘इत’ घुसलं की पाल्पितारे : तीच हालचाल पुन्हापुन्हा, भरभर. म्हणून फडफडणे, धडधडणे. पापणीचं लॅटिन नाव पाल्पेब्रा, तीही याच कुळातली. रक्त कमी आहे का हे बघायला खालची पापणी ओढता ना, तेव्हा या घरातल्या तिसऱ्या बहिणीलाच हात लावता!

आता मराठीकडे या. आपल्याकडे चाचपणे आहे आणि चाचपडणे आहे. सुईण पोट चाचपून मूल आडवं आहे की डोकं खाली, ते सांगायची. दिवे गेले की आपण काडेपेटीसाठी चाचपडतो. एक ‘ड’ शिरला आणि ठाम हात भांबावला. लॅटिनचं ‘इत’ आणि आपला ‘ड’ एकच कामगिरी करतात, असं माझं लाडकं मत आहे. व्याकरणवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

म्हणून पाल्पेशनला चाचपणी. ‘चाचपणी म्हणजे अंदाजपंचे, शास्त्राला शोभत नाही’ म्हणणाऱ्यांना हा ‘ड’च दिसलेला नाही. त्यांचं ‘परिस्पर्शन’ खाटेवरच्या आजीला सांगून बघा. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘दर्शनस्पर्शनप्रश्नैः’, म्हणजे बघून, हात लावून, विचारून रोगी तपासावा म्हटलं. त्याचं ‘परि’वाचून काही अडलं नाही.

हो, पर्कशन राहिलंच. ठोकून पाहणे, दुसरं काय? ऑस्ट्रियाच्या डॉक्टर आउएनब्रुगरने 1761 साली छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची रीत छापली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली ते वडील ठोकून बघत, त्यावरून त्याला सुचलं म्हणतात. आपण मडकं घेताना टिचकी मारतो तेच. आणि पुस्तकातल्या ‘डल’ आवाजाला शब्द शोधत बसू नका. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं. यकृतावर ठोकलंत तरी बद्दच वाजेल, आणि वाऱ्याने डब्ब झालेलं पोट ढोलासारखं.