चित्रकाराला विचारा : पुस्तकातली अर्धी गोष्ट

मागच्या अंकात लहान मुलांच्या पुस्तकांमधल्या चित्रांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, एवढे प्रश्न आले की इथे पाचच घेता आलेत, बाकीचे पुढच्या वेळी नक्की. मी बावीस वर्षं हेच काम करतेय, तेव्हा हाताखालून जे गेलंय त्यातूनच सांगते.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. आता म्हणते मुलांच्या पुस्तकांची चित्रंच काढणार. घरातले म्हणतात यात पोट भरत नाही. कुठला कोर्स करावा? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी पोटाचंच बोलते, कारण खरी काळजी ती आहे. नुसत्या बालपुस्तकांवर सुरुवातीची पाच-सहा वर्षं घर चालत नाही, माझं चाललं नाही आणि माझ्या ओळखीत कुणाचंही चाललेलं नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा पुस्तकाचे एकरकमी पैसे मिळतात, रॉयल्टी, म्हणजे खपलेल्या प्रतींमागचा वाटा, क्वचित. इंग्लंड-अमेरिकेत साधारण पद्धत अशी की रॉयल्टी किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास आणि ती लेखक-चित्रकार निम्मी निम्मी वाटून घेतात, म्हणजे तिथंही चित्रकाराच्या हातात पाचच टक्के आणि आधी दिलेला ॲडव्हान्स त्यातूनच वळता होतो. त्यामुळे जवळजवळ सगळेच सोबत दुसरं काहीतरी करतात, पाठ्यपुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक, ॲनिमेशन, जाहिरात, शाळेत शिकवणं. यात काही कमीपणा नाही. एरिक कार्ल हे अमेरिकन चित्रकार आधी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ग्राफिक डिझायनर होते, मग जाहिरात एजन्सीत, तिथल्या एका जाहिरातीतला त्यांचा लाल लॉब्स्टर एका लेखकाच्या नजरेत भरला आणि त्यातून १९६७ साली पुस्तक झालं, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. जगभर गेलेलं त्यांचं खादाड सुरवंटाचं पुस्तक त्याच्याही दोन वर्षांनी, १९६९ ला.

कोर्सचं म्हणाल तर मुंबईत जे.जे. ला किंवा दुसऱ्या चांगल्या कॉलेजात अप्लाइड आर्टची पदवी घ्या, त्यासाठी राज्याची सीईटी असते, आणि पुढे जमलं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागातून मास्टर्स करता येतं. माधुरी पुरंदरे जे.जे. मध्ये शिकल्या, मग पॅरिसला जाऊन प्रिंटमेकिंग शिकल्या, आणि आज मराठी मुलांसाठी लिहितात पण त्याच आणि चित्रं काढतात पण त्याच. पण कॉलेज हा एकच रस्ता नाही हेही सांगायला हवं. इंग्लंडचे चित्रकार क्वेंटिन ब्लेक केंब्रिजला इंग्रजी शिकत होते. भज्जू श्याम मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड, भोपाळमध्ये रात्रपाळीची राखणदारी करायचे, त्यांचे काका जनगढसिंह श्याम यांनी त्यांना हाताशी घेऊन चित्रं शिकवली, पुढे लंडनला एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेले आणि परत येऊन २००४ मध्ये लंडनवरच पुस्तक केलं, 'द लंडन जंगल बुक'. त्यात बिग बेनचं घड्याळ आणि कोंबडा एक झालेत, दोघं वेळ सांगतात म्हणून, आणि रोजची बस म्हणजे इमानी कुत्रा. २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. मुलीला ते पुस्तक दाखवाच. आणि तिला म्हणावं सुंदर सुंदर सुटी चित्रं खूप झाली, आता एकच मुलगी किंवा एकच बकरी सलग दहा चित्रांत काढ, पळताना, रडताना, मागून, वरून, आणि दहाही ठिकाणी ती तीच वाटली पाहिजे. प्रकाशक आधी हेच बघतात.

प्रश्न : आमच्या लहानपणी चांदोबात खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम राजा असायचा. ते चित्र कुणाचं? – निवृत्त शिक्षक, वय ७१, अमरावती

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं. ते चित्र शंकर यांचं, पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. जन्म १९२४ चा, मद्रासच्या कला महाविद्यालयात शिकले आणि पन्नासच्या दशकात चांदोबात आले ते साठेक वर्षं तिथेच काढत राहिले. एका हातात तलवार, खांद्यावर वेताळ, आजूबाजूला स्मशान, आणि राजाच्या चालण्यात घाबरल्याची खूणसुद्धा नाही. कथा दर महिन्याला बदलायची पण आपल्याला आठवतो तो राजाच, शब्द नाहीत. २०२० ला ९६ व्या वर्षी ते गेले आणि पद्मश्री मिळाली २०२१ ला, म्हणजे मरणोत्तर. मला याचं फार वाईट वाटतं. चित्राखाली सही असायची पण आपण कुणी कधी वाचली? टिंकल या मुलांच्या मासिकातला सुप्पांडी सगळ्यांना माहीत असतो, तो राम वाईरकरांनी काढला आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीने, अर्चना आंबेरकरांनी, तो पुढे चालवला हे किती घरांत माहीत आहे? नातवंडांना पुस्तक वाचून दाखवताना लेखकाच्या नावासोबत चित्रकाराचं नावही मोठ्याने वाचा सर, एवढं माझ्यासाठी कराच.

प्रश्न : कथेत जे लिहिलंय ते सगळं नीट काढलं तरी संपादक म्हणतात 'चित्रं काहीच सांगत नाहीत'. म्हणजे नक्की काय करायचं? – तरुण चित्रकार, नागपूर

उत्तर : संपादक बरोबर बोलतायत पण त्यांनी नीट उलगडून सांगायला हवं होतं. लिहिलंय 'मनू रडत घरी आली' आणि तू रडणारी मनू काढलीस तर मुलाला तीच गोष्ट दोनदा कळली. पॅट हचिन्स नावाच्या बाईंचं १९६८ चं एक पुस्तक आहे, रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द, एकच वाक्य, आणि त्या वाक्यात कोल्ह्याचा उल्लेखच नाही. कोल्हा फक्त चित्रात आहे, दर पानावर कोंबडीच्या मागे, दर वेळी फजिती होतेय त्याची, आणि वाचणारी आई शांतपणे कोंबडीचं वाचतेय तेव्हा ऐकणारं पोर ओरडतंय की अगं मागे बघ मागे बघ! अक्षर न येणाऱ्या मुलाला आईपेक्षा जास्त माहीत असतं तिथे. ही किमया चित्रकाराचीच, आणि म्हणून मी म्हणते की आपण सजावट करत नाही, आपण अर्धी गोष्ट सांगतो.

दुसरं उदाहरण मॉरिस सेन्डाक यांचं, १९६३ चं, राक्षसांच्या बेटावर जाणारा मॅक्स. मुलाचा राग वाढतो तसं चित्र पानावर मोठं मोठं होत जातं, शेवटी धिंगाण्याच्या सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही, मग तो घरी यायला लागतो तसा मजकूर परत जागा घेतो. हे शब्दांनी होणारच नाही. आणि कधी कधी चित्रामुळे लेखकाचे शब्दसुद्धा बदलतात, रोआल्ड डाल यांच्या भल्या राक्षसाला मुळात बूट आणि ॲप्रन होता, तो काही जमेना, तेव्हा डाल यांनी स्वतःची जुनी सँडल पोस्टाने चित्रं काढणाऱ्या क्वेंटिन ब्लेकना पाठवून दिली आणि राक्षसाच्या पायात ती आली.

करायचं काय तर ए-फोरचे ८ कागद मधोमध दुमडून एकात एक घाल, ३२ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, झाली, चित्रपुस्तकं साधारण ३२ पानांचीच असतात कारण छपाईचा मोठा कागद ८-१६ पानांच्या पटीतच दुमडतो. त्यात शीर्षकाची पानं वगैरे सोडून बारा-तेरा जोडपानं गोष्टीला मिळतात. आता पेन्सिलने अगदी काडीचे हातपाय काढ, रंग नाही, आणि पान उलटताना काय कळणार ते ठरव. उत्कंठा उजव्या पानावर, उत्तर पान उलटल्यावर. आणि कुणाचा चेहरा मधल्या शिवणीत जाऊ देऊ नकोस, माझी एक आजी अशीच अर्धी गिळली गेलीय, अजून ते पान उघडवत नाही मला. डमी चार वेळा मोड, पाचव्यांदा रंग उघड.

प्रश्न : एका प्रकाशकाने पुस्तकाचे १५ हजार दिले, करार वगैरे काही नाही. आता तीच चित्रं कॅलेंडरवर आणि वह्यांवर दिसतायत. काही करता येईल का? – कोल्हापूर

उत्तर : हे माझ्याबाबतीत झालंय, नाव घेत नाही पण पहिल्या तीन पुस्तकांचं मी काहीही लिहून घेतलं नव्हतं, आणि एक दिवस माझा हत्ती एका दप्तरावर बघितला. रडू आलं होतं. म्हणून हा भाग सगळ्यांनीच वाचा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात तीन गोष्टी बघायच्या. कलम १७ म्हणतं पहिला मालक निर्माता, पण पुढे अपवाद आहेत, नोकरीत असताना केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं, आणि पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या 'पेंटिंग'बद्दलही काम सांगणाऱ्याच्या बाजूची तरतूद आहे, वेगळा करार नसेल तर. म्हणजे गप्प राहणं आपल्यालाच महागात पडू शकतं, पैसे घ्यायच्या आधी लेखी हवं. कलम १९ म्हणतं हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करूनच, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७, हे माझं सगळ्यात आवडतं, हक्क विकून टाकले तरी हे चित्र माझं आहे असं म्हणण्याचा आणि त्याची मोडतोड करून बदनामी होत असेल तर अडवण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. तुमच्या बाबतीत मेल, व्हॉट्सॲप, बिलं, बँकेच्या नोंदी, रफ स्केचेस, सगळं तारखेप्रमाणे लावा आणि कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, आधी साधं पत्र जाऊ दे. पुढच्या करारात एवढं घाला : हक्क फक्त या पुस्तकासाठी, या भाषेत, एवढ्या वर्षांसाठी, कॅलेंडर, खेळणी, ॲनिमेशनचे पैसे वेगळे, मूळ चित्रं परत, दुरुस्त्या दोनदाच फुकट, नाव मुखपृष्ठावर.

पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या इंग्लंडच्या बिअॅट्रिक्स पॉटर बाई यात आपल्या सगळ्यांच्या गुरू आहेत. प्रकाशकांनी नाही म्हटलं म्हणून त्यांनी १९०१ मध्ये आपल्या सशाच्या पुस्तकाच्या २५० प्रती स्वतःच्या पैशांनी छापल्या, पुढच्या वर्षी प्रकाशकाने रंगीत काढलं, १९०३ मध्ये त्यांनी स्वतः सशाची बाहुली शिवून तिचं पेटंट नोंदवलं. पण प्रकाशकाने अमेरिकेत कॉपीराइट नोंदवला नाही आणि तिथे चोरून छापलेल्या आवृत्त्या निघाल्या, त्याचा एक पैसा त्यांना नाही. तरी बाकीच्या कमाईतून त्या शेतं घेत गेल्या आणि १९४३ मध्ये गेल्या तेव्हा ४ हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, ठेवून गेल्या. ससे काढून!

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची, मी घरून चित्रं करते. सासूबाई चांगल्या आहेत पण सगळ्यांना सांगतात 'ती फावल्या वेळात चित्रं काढते'. डेडलाईन पाळता येत नाहीत, मनगट दुखतं. – पिंपरी

उत्तर : आधी मनगट. डॉक्टरांना दाखव, नंतर बघू म्हणू नकोस, मी दोन वर्षं म्हटलं आणि मग चार महिने ब्रश धरता आला नाही. टेबल तिरकं कर, दर पाऊण तासाने उठ. डेडलाईन देताना आपण फार आशेवर देतो, मला आजही पूर्ण पुस्तकाला चार-पाच महिने लागतात, रफ, बदल, रंग, परत बदल, आणि पोराचा ताप धरून. एवढे मागून घे, देतात. नाही दिले तर ते काम तुझं नव्हे. रोज किती तास बसलीस ते वहीत लिही, पुढच्या पुस्तकाचा आकडा सांगताना ती वहीच कामाला येते.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना समजावत बसू नकोस. चालू पुस्तकाची पेन्सिलची डमी त्यांच्या हातात दे आणि म्हण, आई, जरा हिला वाचून दाखवता का, मला बघायचंय. तू शेजारी गप्प बस. नात कुठल्या पानावर बोट ठेवते, कुठे घाईने पान उलटायला जाते, कुठे उठून पळते ते सगळं लिहून घे, आणि वाचून झालं की सासूबाईंना विचार की कुठे अडलं. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं की तुझ्या गोष्टीतली म्हैस कुठल्याच पानावर रवंथ करत नाही. बदललं मी ते, तीन पानांवर.