नव्या दाढेवरचा डाग : दोष घासण्याचा की घडणीचा?

प्रश्न : माझी मुलगी 7 वर्षांची असून तिला बौद्धिक अक्षमता आहे. तिचा जन्म आठव्या महिन्यात झाला आणि तेव्हा तिचे वजन फार कमी होते. गेल्या वर्षी आलेल्या तिच्या दाढांवर पिवळट-तपकिरी डाग आहेत. एकीचा कोपरा जेवताना तुटला. ब्रश जवळ नेताच ती हात झिडकारते. दात नीट न घासल्यामुळे हे झाले, असे घरातले म्हणतात. खरोखरच माझे चुकले का?

उत्तर : सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या या पहिल्या कायमच्या दाढांचे इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, जन्माच्या आसपास घडू लागते आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरे होते. म्हणजे दाढ हिरडीबाहेर डागासकट आली असेल, तर तो डाग तुमच्या ब्रशच्या आवाक्याबाहेरच्या काळात पडलेला आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे किंवा बालपणातले गंभीर आजारपण यांमुळे इनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडू शकते. यांतली काही कारणे मेंदूच्या वाढीवरही परिणाम करत असल्याने अशा मुलांत हे दोष अधिक आढळतात. मात्र डागावरून फार तर बिघाडाचा काळ ताडता येतो, नेमके कारण नव्हे. दात बाहेर येईपर्यंत त्या पेशी नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे इनॅमल पुन्हा वाढत नाही आणि डाग घासून जात नाही. जोर लावून घासू नये.

आता हात झिडकारण्याविषयी. निरोगी इनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. ते कच्चे राहिले की चावताना तुकडे पडतात आणि गार पाण्याने दातातून कळ जाते. ती कळ मुलीला शब्दांत सांगता येत नसेल, तर हात झिडकारणे हेच तिचे सांगणे असू शकते. ती एकाच बाजूने चावते का, गार पाणी टाळते का, हे पाहावे. अर्थात काही मुलांना ब्रशचा स्पर्शच नकोसा होतो, हेही ध्यानात ठेवावे. कोमट पाणी व मऊ ब्रश घ्यावा, मुलीच्या मागे बसून तिचे डोके आपल्या छातीला टेकवावे आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरून पुढच्या दातांपासून सुरुवात करावी.

कच्च्या इनॅमलला कीड लवकर लागते, म्हणून तुटलेली दाढ लांबणीवर टाकू नये. मुलांच्या दंतवैद्यांकडे फ्लोराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप), ग्लास आयोनोमर (दात भरण्याचे सिमेंटसारखे द्रव्य) भरणे, फार झिजलेल्या दाढेवर स्टीलची टोपी असे उपाय आहेत. निवड तपासणीनंतरच होईल. गोड सिरप रोज चालू असेल, तर साखरविरहित पर्यायाबद्दल औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, पण औषध स्वतःहून बंद करू नये. जन्मवेळची कागदपत्रे आणि औषधांची यादी सोबत न्यावी. दुखत नसेल, तर पहिल्या भेटीत मुलीला केवळ खुर्चीत बसवून आरसा हाताळू द्यावा, अशी विनंती आधीच फोनवर करून ठेवावी.