तिलारी परिसरात गावकऱ्यांनीच हत्ती पर्यटन चालवलं तर आदिवासी, जंगल आणि हत्ती तिघांचंही भलं होईल का?

तुम्ही थायलंडच्या करेन लोकांच्या गावात राहून आलात, त्यांच्या हत्तींमागून रानात चाललात, आणि तसंच तिलारीत का होऊ नये, असं विचारलंय. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारी धरणाच्या बॅकवॉटरपासून फार लांब नसलेल्या एका वाडीत राहते. घरी पाहुणे ठेवते. हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

करेन लोकांचे हत्ती पाळीव आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९८९ मध्ये तिथे व्यापारी जंगलतोडीवर बंदी आली, ओंडके ओढणाऱ्या हत्तींचं काम गेलं आणि ते पर्यटकांच्या कँपात गेले. २०२० मध्ये कोरोनामुळे कँप बंद पडले तेव्हा शंभराहून जास्त हत्ती माहुतांबरोबर चालत आपापल्या गावी परतले. ते लोक आता गावातच पाहुणे बोलावत असतील तर चांगलंच आहे. पण त्या हत्तीला मालक आहे, माहूत आहे. तो बिथरला तर आवरणारं माणूस शेजारी उभं आहे. आमचा हत्ती रानातला. त्याला कोण आवरणार?

२००२ च्या सुमाराला हे हत्ती कर्नाटकातून सीमेवरच्या मांगेली गावाच्या बाजूने खाली उतरले. मी तेव्हा नवीन सून. सासरे म्हणाले, “गणपती इलो,” आणि आम्ही बायकांनी शेतातल्या त्या सुपाएवढ्या ठशावर हळदकुंकू वाहिलं. दोन वर्षांनी कोणी कुंकू घेऊन गेलं नाही. माडाचा गाभा खायला हत्ती अख्खा माड आडवा करतो. केळीचं बन त्याला एका रात्रीचं.

आता माझ्या घरी झालेलं सांगते. माझे धाकटे दीर डोंबिवलीला असतात. होमस्टेची कल्पना त्यांचीच, ते मी नाकारत नाही. पाहुणे तेच पाठवायचे. २०२२ च्या डिसेंबरात पुण्याची सहा माणसं घेऊन ते स्वतः आले. माणशी दीड हजार, म्हणजे एका रात्रीचे ९ हजार. आमच्याकडे तेव्हा ही मोठी रक्कम होती. फोनवर त्यांनी पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की हत्ती नक्की दिसणार. गाडीत मोठा सर्चलाइट होता, तो मी आधी बघितला नव्हता.

जेवणं आटोपली, दहा वाजले आणि भाऊजी म्हणाले, “चला.” मी अडवलं. आदल्या रात्री बांबूच्या बेटात फांद्या मोडल्याचा आवाज सगळ्या वाडीने ऐकला होता. ते म्हणाले, “वयनी, लोकांनी पैसे मोजल्यानीत. दाखवक नको?” माझे यजमान गप्प राहिले. ते आजही मला सलतं.

दोन गाड्या शेजारच्या काकीच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, वाटेवर गेल्या. हत्ती बांबूतच होता, एकटा सुळेवाला. त्याच्या डोळ्यांवर उजेड मारला, मागच्या गाडीतल्या कोणीतरी हॉर्न वाजवला. तो गाड्यांवर आला नाही. त्याच्या मागे रस्ता, रस्त्यावर उजेड, पुढे फक्त कुळागर. तो कुळागरात शिरला. तीस केळी, बारा पोफळी, काकीच्या नवऱ्याने लावलेले दोन माड आणि पाण्याचा पाइप, सगळं त्या वाटेत गेलं. काकी नातवाला घेऊन मागच्या पडवीत झोपली होती. हत्ती तिच्यापासून पंधरा पावलांवरून गेला. मी सकाळी ठसे मोजले.

सकाळी मी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढत होते. पाहुणे मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते, पैसे वसूल झाले म्हणत होते. काकी अंगणात येऊन उभी राहिली. भांडली नाही, शिवी दिली नाही. मला म्हणाली, “माका भरपाय नको गो. माका झोप व्हयी.”

पाहुणे गेल्यावर ते ९ हजार मी तिच्या हातात ठेवले. भाऊजींचं म्हणणं, पंचनामा होऊन भरपाई मिळणारच होती, वहिनीने भावनेच्या भरात धंदा बुडवला. भरपाई पुढच्या पावसाळ्यात आली. त्यात झाडं मोजली होती, पाइप नव्हता. पावसाळ्यात आलेल्या पैशाने जानेवारीत बागेला पाणी मिळत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे हत्ती दाखवत नाही. फोनवर आधी तेच सांगते. संध्याकाळी सहानंतर अंगण सोडायचं नाही. वर राहणारे आमचे एक धनगर मामा पाहुण्यांना सकाळी रान दाखवतात. हत्ती कुठल्या अंगाला आहे हे त्यांना लीद आणि मोडलेल्या फांद्या बघून कळतं, आणि ते सांगतील त्या अंगाला आम्ही जात नाही. त्यांचे पैसे त्याच दिवशी त्यांच्या हातात. पाहुण्यांना मी हेवाळे-बांबर्ड्याच्या कानळाच्या राईबद्दल सांगते. रानजायफळीची ती दलदल, झाडांची मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली. देवाची राई म्हणून गावाने तिला कोयता लावला नाही. सरकारने जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं २०२१ मध्ये. गावाने राखली त्याच्या किती पिढ्या आधीपासून!

कोकणात गावाने चालवलेलं पर्यटन नाही असं नाही. रत्नागिरीतल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी मिळून कासवांची अंडी राखली, २००६ पासून महोत्सव होतो, पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. मला त्यांचा अभिमान आहे. पण कासवाचं पिल्लू कोणाची बाग मोडत नाही. वेळासचा हिशोब दोडामार्गाला जसाच्या तसा लावू नका.

आदिवासींचं विचारलंत. सिंधुदुर्गात आदिवासी म्हणजे मुख्यतः ठाकर. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं, २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली. कला त्यांची, जागा त्यांची, बोलणारेही तेच. मला हेच खरं पर्यटन वाटतं. आमचे गवळी धनगर सरकारी यादीत अनुसूचित जमातीत नाहीत, पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तेही दावा करू शकतात. त्यासाठी तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर वेबसाइट बनवून देण्याआधी एखाद्या धनगरवाड्याला हे कागद गोळा करून द्या.

जंगलाचं म्हणाल तर पर्यटनाने ते वाचेल ही आशा ठेवू नका. इथे डोंगरच्या डोंगर रबराला गेले. एकरकमी जमीन विकून जे मिळतं ते मी दहा वर्षं आंबोळ्या वाढून मिळवणार नाही. २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर संवर्धन राखीव झालं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, असं उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. झाडं राहिली तर अशा कायद्याने आणि ग्रामसभेने राहतील. पर्यटनाने फार तर एखाद्या घराला जमीन न विकण्याचं कारण मिळेल. माझ्या घराला मिळालं.

तरीही कोणाला सुरू करायचंच असेल तर माझी एक अट आहे. पाहुण्याच्या पैशातला ठरावीक हिस्सा वाडीच्या पेटीत जाऊ दे, आणि ज्याची बाग मोडली त्याला तो त्याच आठवड्यात मिळू दे. रात्री गाडी न्यायची की नाही हे हत्तीच्या वाटेवर ज्याची बाग आहे त्याने ठरवायचं. घरमालकाने नाही, पाहुणे पाठवणाऱ्याने तर मुळीच नाही.

हेही सांगायला हवं की मी हत्तींच्या बाजूने बोलते आहे असं वाडीतल्या अनेकांना वाटेल, आणि त्यांचा राग खोटा नाही. २०१५ मध्ये कुडाळच्या माणगाव खोऱ्यात मैसूरचे शिकवलेले हत्ती आणून तीन हत्ती पकडले, तसंच इथेही करा, असं म्हणणारे बरेच आहेत. २०२५ च्या एप्रिलात आमच्याच तालुक्यातल्या मोर्ले गावचा एक शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. त्या घरच्या माणसांसमोर मी इकोटुरिझम हा शब्द काढणार नाही.

माझे दीर हे वाचतील, डोंबिवलीला असं सगळं पोचतं. भाऊजी, त्या रात्रीचा तुमचा वाटा तुम्ही अजून मागता. काकीने त्या पैशांतून पाइप घेतला आणि उरलेल्यात पोफळीची रोपं लावली. चतुर्थीला याल तेव्हा तिच्या परसात जाऊन मोजून घ्या.